शेळके सरांचा मैत्री फलक

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज आला. शेळके सर निवृत्त होत आहेत, त्यांचा सत्कार आहे, गौरव अंक काढायचा आहे, तरी प्रत्येकाने सरांविषयीच्या भावना लिहून पाठवाव्यात. खाली कुणीतरी खास माझं नाव घेऊन लिहिलं होतं, "तू तर मराठी घेऊन बीए करतेस. तू लिहायलाच पाहिजे."

मी बसले लिहायला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरच्यांना वाटतं की लिहिणं म्हणजे माझ्या हातचा मळ. तसं नाही. "सरांनी आम्हाला घडवलं" हे वाक्य लिहिलं आणि खोडलं. "सरांनी कधी कुणावर हात उचलला नाही" हे लिहिलं. ते खरं होतं, पण खरं असूनही खोटं वाटत होतं, म्हणून तेही खोडलं. शेवटी अंक माझ्या लेखाशिवाय निघाला. चांगला जाड, गुळगुळीत कागदाचा. त्यात सगळ्यांनी सरांच्या हसऱ्या चेहऱ्याविषयी लिहिलं आहे.

आता कुणी मागत नाही तेव्हा मी लिहिते आहे. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

हसरा चेहरा होता, हे मान्य. सरांच्या खिशात कंगवा असायचा. वर्गात शिरण्याआधी ते दाराबाहेर थांबत, भांग सारखा करत, आणि मग चेहराही सारखा करत. मी दाराजवळच्या बाकावर बसायचे म्हणून मला ते दिसायचं. बाहेर असताना चेहरा कसाही असो, उंबरठ्यावर पाय पडला की त्यावर हसू आलेलं असे. तास संपवून निघाले की उंबरठ्यापलीकडे ते परत उतरलेलं. विजेचं बटण लावावं तसं.

ते इतिहास शिकवत. पण लढाया त्यांना आवडत नसत. "लढाई घरी वाचा, लेकरांनो. आपण तह समजून घेऊ," असं म्हणून ते थेट तहावर येत. फळ्यावर दोन गोल काढत, मधे एक रेघ, रेघेवर लिहीत 'तह'. कुणी कुणावर चालून गेलं होतं, कुणाची गावं जळली होती, हे काही नाही. दोघांनी सह्या केल्या, दोघं घरी गेले, धडा संपला. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ज्याचा किल्ला गेला, तो कुठल्या घरी गेला?"

वर्ग हसला. सरही खूप हसले. "बघा, कसा विचार करतो!" म्हणाले, आणि पुढचा तह घेतला.

प्रश्न विचारणारा रोशन होता. कशेळ्याच्या वर डोंगराकडे त्याची वाडी. सकाळी वाडीतून चालत कशेळ्यापर्यंत यायचं, तिथून जीप पकडून कडावला शाळेत. तो फार कमी बोलायचा. त्याने शाळेत मोठ्याने विचारलेला तो बहुधा एकच प्रश्न.

सरांचं खरं काम वर्गात नव्हतंच. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर हिरव्या कापडाचा एक मोठा फलक होता. वर कापसाची अक्षरं चिकटवून लिहिलेलं, 'मैत्री फलक'. शाळेत कुणाचं भांडण झालं, कुणी कुणाला मारलं, छळलं, रडवलं, की सर दोघांना फलकासमोर उभं करत. दोघांचे हात एकमेकांच्या हातात देत, वरून आपला हात ठेवत. मग मोबाइल काढत.

"हसा. असं नाही, दात दिसू देत. हां. मिटलं ना?"

"हो सर."

तो फोटो कर्जतहून छापून येई आणि दुसऱ्या दिवशी फलकावर लागे. खाली नावं. मारणाऱ्याचं आणि मार खाणाऱ्याचं, शेजारी शेजारी, एकाच अक्षरात. फोटोवरून कोण कोणता ते कळायचं नाही. सरांना त्याचाच अभिमान होता. "माझ्या फलकावर गुन्हेगार नाही, लेकरांनो. सगळी लेकरंच."

पाहुणे आले की सर त्यांना आधी फलकापाशी नेत. पाहुणे मान डोलवत. माझाही एक फोटो त्यावर होता. एका मुलीने माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी साऱ्या वर्गात नाक दाबून फिरवली होती, त्याचा. सरांच्या हाताला निलगिरीच्या तेलाचा वास यायचा. हात मऊ होता, पण खाली दाबलेला असायचा. आपला हात काढून घेता येत नसे.

सर हे फक्त शाळेतच करत असं नाही. आम्हाला एकदा खेळांच्या स्पर्धेसाठी कशेळ्याला नेलं होतं. नाक्यावर दोन जीपवाल्यांची जुंपली होती. नंबर एकाचा होता आणि माणसं दुसऱ्याने भरली होती. पहिला बोलायला गेला तर दुसऱ्याने दगड घालून त्याची पुढची काच फोडली. बाजारचा दिवस, सगळा नाका गोळा झालेला. सर गर्दीतून आत शिरले.

"अरे, एका रस्त्यावरची माणसं तुम्ही! हात मिळवा."

"मास्तर, तुमी मधी पडू नका," काच फुटलेला म्हणाला. "आदी त्याला इचारा, काच कोन भरून देनार?"

"काचेचं बघू नंतर. माणूस महत्त्वाचा. हात मिळवा बघू."

मास्तर माणूस, वर पोरं बघताहेत, म्हणून त्याने हात पुढे केला. सरांनी फोटो काढला. दुसरा जीपवाला भरलेली जीप घेऊन निघून गेला. सर आमच्याकडे वळले, चेहरा उजळलेला. "बघितलंत? दोन मिनिटं लागली." मागे तो पहिला माणूस खाली बसून रस्त्यावरच्या काचा गोळा करत होता. माझ्या शेजारी रोशन उभा होता. तो त्या माणसाकडे बघत होता, मग जाऊन तोही काचा उचलू लागला. सरांनी त्याला हाक मारली, "रोशन, चल रे, उशीर होतोय! मिटलं ते!"

त्या जीपवाल्यांचा फोटोसुद्धा फलकावर लागला.

आता रोशनचं सांगते.

आमच्या वर्गात ओंकार नावाचा मुलगा होता. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. तो दांडगा होता असंही नाही. मारामारी वगैरे करत नसे. त्याला माणसं लागायची, हसायला. आणि हसायला कुणीतरी एक लागायचा. नववीत त्याला रोशन सापडला. रोशन पहाटे उठलेला असे, जीपमध्ये त्याचा डोळा लागायचा. एकदा ओंकारही त्याच जीपमध्ये होता. त्याने झोपलेल्या रोशनच्या उघड्या तोंडात पळसाचं पान खोचलं आणि फोटो काढला. त्याचा स्टिकर केला. खाली लिहिलं, 'गुड नाईट'.

आठवडाभरात तो स्टिकर सगळ्या शाळेत पसरला. रात्री कुणी झोपायला निघालं की ग्रुपवर रोशनचं तोंड. सकाळी तो वर्गात आला की मागून आवाज, "काय रं, झोप झाली का?" "पान खाल्लंस का रं, शेळीवानी?" मुलीसुद्धा पाठवायच्या. रोशनच्या वडिलांनी त्याला अभ्यासासाठी फोन घेऊन दिला होता. त्या फोनवर तो रोज रात्री स्वतःचंच तोंड बघत होता.

तो सरांकडे गेला. आपणहून गेला, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याला वाटलं होतं, सर आहेत. मी वह्या ठेवायला ऑफिसात गेले होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. सरांनी ओंकारलाही बोलावलं होतं.

"हे बघा, लेकरांनो. ओंकार, तू फोटो काढायला नको होतास."

"सॉरी सर. मस्करी होती."

"हां. आणि रोशन, तू झोपायला नको होतंस."

रोशनने मान वर करून सरांकडे पाहिलं.

"जीप काय झोपायची जागा आहे का? दोघांचं थोडं थोडं चुकलं. चला, हात मिळवा. हसा."

त्यानंतर ओंकारला कळलं की एवढंच होतं. सरांना हे समजत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. त्यांना वाटायचं, आपण भांडण संपवलं. खरं म्हणजे ओंकारला त्या दिवशी भाव कळला होता. एक फोटो, दात दाखवून, आणि परत मोकळा. मग त्याचे मित्रही रोशनच्या मागे लागले. डबा लपव, चप्पल छपरावर टाक, हजेरीला त्याच्या नावावर घोरण्याचा आवाज काढ. दर वेळी फलक. वर्षअखेरीस फलकावर समोरचं पोरगं बदललेलं आणि रोशन तोच, असे कितीतरी फोटो झाले. सुरुवातीच्या फोटोत तो हसायचा प्रयत्न करतो आहे. नंतरच्यांत ओठ नुसते मागे ओढलेले. सर म्हणायचे, दात दिसू देत. म्हणून तो दात दाखवत होता.

आणि मग एका रात्री वर्गाच्या ग्रुपवर, पालकही असलेल्या ग्रुपवर, सरांचा मेसेज आला, "उद्या सर्वांनी पूर्ण गणवेशात यावे." खाली स्टिकर. रोशनचं तोंड, पळसाचं पान, 'गुड नाईट'.

मिनिटभरात पहिला हसणारा चेहरा आला. मग हसण्याच्या चेहऱ्यांची रांग लागली. पालकांचीही.

दुसऱ्या दिवशी रोशनने त्यांना व्हरांड्यात गाठलं. "सर, तुमीपन?"

सर क्षणभर गोंधळले. मग चेहरा सारखा केला. "अरे, मला कुणीतरी पाठवला होता. किती गोड दिसतोस त्यात! मनाला लावून घेऊ नये."

रोशनने तो ग्रुप सोडला. सरांनी त्याला परत ग्रुपमध्ये घेतलं. "ग्रुप सोडणं म्हणजे वर्गाशी भांडण. भांडण आपल्याकडे चालत नाही." त्याने परत सोडला. सरांनी परत घेतलं. सरांच्या सगळ्या शिक्षकी आयुष्यात त्यांनी इतक्या जिद्दीने केलेलं दुसरं काम मला आठवत नाही.

दहावीत आमच्या शाळेमागच्या कालव्यात रोशनचं दप्तर गेलं. 'गेलं' असं सर म्हणत. फेकलं कुणी हे सगळ्यांना माहीत होतं. पाणी जोरात होतं, पण दप्तर पुढे झुडपाला अडकलं आणि रोशनने ते उतरून काढलं. सराव परीक्षा तोंडावर होती. सरांनी ओली पुस्तकं मैदानात उन्हात मांडायला लावली, आणि रोशन व ओंकार दोघांना शेजारी बसवलं. दोघांनी मिळून पानं उलटायची. कल्पना वाईट नव्हती, असं मी आजही म्हणेन. पण सर मोबाइल घेऊन आले, फोटो काढला, आणि गेले. सर गेले तसा ओंकारही उठून गेला. शाळा सुटेपर्यंत रोशन एकटा उन्हात पानं उलटत होता. फोटोत मात्र दोघं आहेत. तो फोटो सरांचा सर्वांत आवडता होता, मोठा करून फलकाच्या मधोमध लावला होता. खाली सरांनी स्वतः लिहिलं होतं, 'मैत्रीची ऊब'.

त्याच आठवड्यात रोशनने सरांना एक गोष्ट मागितली. "सर, फलकावरचे माजे फोटो काढाल?"

"का रे?"

"माजी बहीन पुढल्या वर्षी हितं पाचवीला येनार हाय. तिनं ते बगाया नको."

"उलट अभिमान वाटेल तिला! दादा किती मनाचा मोठा! फलकावरचं काही काढत नसतो, बाळा. इतिहास आहे तो."

शिक्षा नको, माफी नको, ओंकारला काही करा असंही नाही. नुसते फोटो काढा. इतकी लहान मागणी मी शाळेत दुसऱ्या कुणाची ऐकलेली नाही. आणि ती देण्याऐवजी सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आमच्या दहावीच्या निरोप समारंभाला अध्यक्ष, ओंकारचे काका, आले होते. सरांनी शेवटचा कार्यक्रम ठेवला होता. माइकवर म्हणाले, "आता आपल्यासमोर आपली आदर्श जोडी येत आहे. ओंकार आणि रोशन!" ओंकार टाळ्यांत वर गेला. रोशनला दोघांनी ढकलून वर पाठवलं. ओंकारने हात पुढे केला. रोशनचे हात खिशात होते.

"रोशन, हात मिळव, बाळा."

"नाय सर."

माइक सरांच्या हातात होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"अरे, आज शेवटचा दिवस..."

"म्हनूनच नाय. फोटो काढून द्या माजे. बास."

 तेव्हा अध्यक्ष खुर्चीतून मोठ्याने हसले. "काय मास्तर! एवढी वर्षं समेट करताय आणि एक वाडीवरचं पोरगं ऐकत नाय तुमचं? कंगवा फिरवून नाय होत मास्तर, आवाज लागतो आवाज! हे म्हंजे आमचं गरीब बिचारं, बायकोलाबी घाबरतंय!"

सगळे हसले. शिक्षकही हसले. मी सरांकडे बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एक क्षण मला वाटलं, आता यांना कळेल. सगळ्यांसमोर, आपल्यापेक्षा वरचढ माणसाने, गंमत म्हणून केलेलं हसं, आणि आपण काही बोलायची सोय नाही. हेच तर रोशनचं रोजचं होतं. सरांचा हात खिशातल्या कंगव्याकडे गेला आणि मधेच थांबला.

मग ते हसले. दात दिसतील असे.

त्यांना कळलं नव्हतं असं मी आता म्हणत नाही. मला वाटतं, त्यांना फार पूर्वीपासून कळत होतं. ते आयुष्यभर असंच हसत आले होते आणि त्यांनी तेच आम्हाला शिकवलं. इतिहासापेक्षा चांगलं शिकवलं. त्यांची कीव यायला हवी, असं माझी आई म्हणते. ती चांगली बाई आहे. मला येत नाही. कारण अध्यक्ष हसून झाल्यावर सरांनी माइक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "काही मुलं मनात ठेवणारी असतात. आपण त्यांना मोठ्या मनाने माफ करू." टाळ्या पडल्या. ओंकारने पुढे येऊन सरांशीच हात मिळवला. तो फोटो निघाला.

दहावी झाली. मी कर्जतच्या कॉलेजात गेले. रोशन पास झाला, आयटीआय केलं आणि खालापूरकडच्या एका कंपनीत लागला, एवढं कळलं होतं. त्याची बहीण रोहिणी पाचवीला आमच्या शाळेत आली. मुलं तिला पहिल्याच आठवड्यात फलकापाशी घेऊन गेली. तेव्हापासून ती तिथे 'स्टिकरची बहीण' आहे. आता आठवीत आहे. ऑफिसकडून न जाता मागच्या बाजूने वर्गात जाते, असं माझा चुलतभाऊ सांगतो. तो तिच्याच वर्गात आहे.

सत्काराला मी गेले. लेख दिला नव्हता म्हणून निदान जावं, असं वाटलं. मैदानात मांडव. स्टेजवर सर, शाल, श्रीफळ, फेटा. आणि त्यांच्या मागे, भिंतीवरून उतरवून आणलेला मैत्री फलक, झेंडूची माळ घातलेला. एकामागून एक माजी विद्यार्थी येऊन बोलत होते. ओंकार बोलला, "सरांनी मला माफ करायला शिकवलं." कुणाला, ते नाही सांगितलं.

सर उत्तराचं भाषण करायला उठले, तेव्हा फाटकातून रोशन आला. कंपनीच्या निळ्या कपड्यांत होता, बहुतेक तिथूनच कामावर जाणार असावा. बरोबर रोहिणी, पाठीला दप्तर. तिला त्याने स्टेजच्या पायरीपाशी उभं केलं आणि स्वतः वर चढला.

"अरे, रोशन!" सरांना खरंच आनंद झाला होता. माइकमध्येच म्हणाले, "बघा, आला! मी म्हणत होतो ना, एक दिवस येईल. ये बाळा."

रोशन त्यांच्या बाजूने फलकापाशी गेला. पहिल्या फोटोची पिन नखाने उचकटून काढली. मग दुसरी. घाई नाही, राग नाही. जणू वाळत घातलेले कपडे काढत होता. आपण असलेला फोटो तेवढा काढायचा, शेजारचा दुसऱ्यांचा राहू द्यायचा. मधला मोठा फोटो काढताना माळ आडवी आली, तर ती त्याने नीट बाजूला केली आणि परत सारखी केली.

"काय करतो रं तो?" अध्यक्ष म्हणाले. कुणी उठलं नाही. मला वाटतं, काय म्हणून अडवायचं तेच कुणाला सुचलं नाही. तो चोरी करत नव्हता.

सरांनी माइक खाली ठेवला. त्यांना एकच गोष्ट येत होती, ती त्यांनी केली. हात पुढे केला.

"रोशन. झालं ना मनासारखं? मिळव हात. मिटवून टाकू."

रोशनने त्या हाताकडे पाहिलं. मग आपली मूठ त्यावर उघडली आणि काढलेल्या सगळ्या पिना सरांच्या तळव्यावर ठेवल्या. "ह्या तुमच्या, सर," म्हणाला, आणि उतरला. फोटो त्याने रोहिणीकडे दिले. तिने ते न बघता दप्तरात टाकले आणि दोघं फाटकातून बाहेर पडले. बाहेर गेल्यावर ती काहीतरी बोलली आणि तो हसला. लांबून दात काही दिसले नाहीत, पण हसला.

त्यानंतर मी सरांना पाहिलं नाही, म्हणून तेव्हाचं शेवटचं सांगते. रोशन निघून गेल्यावर ते बराच वेळ फलकाकडे तोंड करून उभे होते. फोटो निघाले होते तिथे हिरवं कापड गडद, नवंकोरं होतं. बाकीचं उन्हाने विटलेलं. इतकी चौकोनी भोकं पडली होती की त्या फलकावर बहुतेक रोशनच होता, हे पहिल्यांदाच सगळ्यांना दिसलं. मला वाटलं, सर आता काहीतरी बोलतील. काहीही.

ते वळले. उंबरठा नव्हता, तरी चेहरा सारखा झालेला होता. स्टेजखाली पहिल्या रांगेत पाचवीची दोन पोरं शेंगदाण्याची पुडी वाटून खात बसली होती. सरांनी त्यांना बोटाने वर बोलावलं.

"या, लेकरांनो. इथे उभे राहा. हात मिळवा."

"पन सर," त्यातलं एक म्हणालं, "आमचं भांडन नाय झालं."

"नसू दे. मोकळं वाईट दिसतंय. हसा बघू."

फोटोवाला पुढे सरकला. सरांच्या मुठीत पिना तयार होत्या.